न्हाई म्हणणाऱ्याची खुर्ची

आमच्या बीड जिल्ह्यात एक वेळ पाणी कमी पडेल, पण माईक धरणारा माणूस कमी पडणार नाही. बारशाला भाषण, दहाव्याला भाषण, बोअरला पाणी लागलं तर भाषण, नाही लागलं तर आणखी मोठं भाषण. अशा मुलखात जनार्दन उबाळे सरांनी तीस वर्षं पोरांना भाषण करायला शिकवलं आणि तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेची एकही ढाल शाळेत आणली नाही. हे मी कौतुकानं सांगतो आहे.

चकलांब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका फाट्याला आमची शाळा. मी गणिताचा मास्तर, उबाळे सर मराठीचे. त्यांच्या नववीच्या आणि माझ्या आठवीच्या वर्गात भिंत म्हणून प्लायवूडचा एक पडदा होता. पलीकडे भाषण सुरू झालं की अलीकडे माझी पोरं समीकरण अर्ध्यात सोडून कान टवकारायची. मी त्यांना रागवायचो, पण जरा उशिरानं. आधी मलाही ऐकायचं असायचं.

सर ठेंगणे, सावळे, अंगानं आटोपशीर. पांढरा शर्ट, बाह्यांना दोन घड्या. खिशाला दोन पेनं, त्यातलं एक कधीच चालत नसे. मी एकदा विचारलं, "सर, हे बंद पडलेलं कशाला?"

"उसनं मागणाऱ्याला द्यायला."

त्यांचा खरा थाट बघावा तो सत्राच्या सुरुवातीला, पटवून देण्याच्या भाषणाचे विषय ठरवण्याच्या दिवशी. पोरं घरून विषय आणत. म्हणजे बाप, चुलता नाहीतर मागच्या वर्षीची वही देईल तो विषय. पहिला पोरगा उभा राहायचा, छाती काढायचा.

"विषय?"

"झाडे लावा, झाडे जगवा, सर!"

"न्हाई कोण म्हणतंय?"

"आं?"

"झाडं लावू नका, असं कोण म्हणतंय? त्याचं नाव सांग, गाव सांग."

पोरगा इकडं तिकडं बघायचा. "कुणीच न्हाई म्हणत, सर."

"मग पटवतो कोणाला बे? खांबाला? बस."

दुसरा हुशारीनं 'मोबाईल : शाप की वरदान' काढायचा. सर त्याच्यापाशी जाऊन उभे राहायचे.

"तुझ्याकडं मोबाईल हाय?"

"न्हाई सर."

"कावून?"

"बाप देत न्हाई."

"सापडला की मग न्हाई म्हणणारा! शाप-वरदान सोड. बापाला पटव."

हीच त्यांची सगळी शिकवण. "विषय शोधू नका. न्हाई म्हणणारा शोधा. तो सापडला की विषय त्याच्या मागंच उभा असतो."

एवढ्यावर थांबले असते तर ते उबाळे सर कसले? वर्गात बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा होता. प्रत्येक पोरानं चिठ्ठी लिहून त्यात टाकायची. वर विषय, खाली न्हाई म्हणणाऱ्या माणसाचं नाव. सर चिठ्ठ्या वाचायचे आणि त्या माणसाला बोलावायला आपल्या जुन्या लुनावर स्वतः जायचे. भाषणाच्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीतली हातांची खुर्ची नववीच्या वर्गात यायची आणि पोराच्या पुढ्यात तो माणूस बसायचा. नियम तीन. बसणाऱ्यानं मधे बोलायचं नाही. शेवटी एकच प्रश्न विचारायचा. आणि उठण्याआधी दोनांतलं एक सांगायचं, 'पटलं' किंवा 'न्हाई पटलं'. मधलं काही चालायचं नाही.

लोकांना वाटायचं, ही सरकारी भानगड आहे. सुरुवातीला एक गृहस्थ आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो घेऊन आले होते. पण पुढं पुढं पंचक्रोशीत या खुर्चीचा असा मान झाला की, बोलावणं आलेला माणूस दाढी करून यायचा. बोलावलं आणि कोणी आलाच नाही, असं एकदाही झालं नाही.

गणेश नावाच्या पोराचा विषय होता, आईनं स्कूटी शिकावी. न्हाई म्हणणारी त्याची आजी. म्हातारी नवं लुगडं नेसून आली, खुर्चीत मांडी घालून बसली आणि नातवाला म्हणाली, "हं, वाच तुझं पाप."

गणेशनं भाषणात स्त्री-पुरुष समानता वगैरे काही काढलं नाही. त्यानं फक्त हिशोब मांडला, की आजीला दवाखान्यात जायचं असतं मंगळवारी, आणि बापाला सवड मिळते शुक्रवारी. "आज्जे, तुझा गुडघा शुक्रवारपर्यंत दम धरतो का?"

वर्ग हसला. म्हातारी हसली नाही. तिनं आपला एक प्रश्न विचारला, "ती गाडी चालवंल. मग मी कोणाच्या मागं बसू?"

"तिच्याच की!"

म्हातारीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, "पटलं. पर घरी म्हणणार न्हाई."

"आजी, घरी कोण म्हणायला सांगतंय? हितं म्हटलात, नववी अ साक्षीला हाय," सर म्हणाले. "आता उठा."

पुढच्या मंगळवारी सगळ्या गावानं पाहिलं. पुढं सून, मागं सासू, आणि सासूच्या तोंडी अखंड नामस्मरण.

एसटीच्या ड्रायव्हरचा किस्सा तर माझ्या डोळ्यांसमोर घडला. वस्तीवरच्या मुलींचा विषय होता, संध्याकाळची गाडी वस्तीच्या वळणावर थांबावी. सरांनी ड्रायव्हरला बोलावलं. तो बिचारा भरलेली गाडी फाट्यावर उभी करून आला. मुलगी बोलतेय, तोवर बाहेर कंडक्टर घंटी मारतोय, आणि पाच-सात प्रवासी खिडकीत येऊन भाषण ऐकतायत. ड्रायव्हर अर्ध्यातच उठला. "पटलं बाई, पटलं! गाडी उभी हाय माझी!"

"बसा," सर म्हणाले. "घाईत पटलेलं आमी धरत न्हाई."

"अहो सर, पब्लिक शिव्या घालंल!"

तेवढ्यात खिडकीतून एक पागोटेवाला ओरडला, "बस रे गुमान! पोरगी कामाचं बोलायलीय!"

ड्रायव्हर बसला. गाडी अजूनही त्या वळणावर थांबते.

तालुक्याच्या स्पर्धेत मात्र आमची पोरं दरवेळी पडायची. बाकीच्या शाळांची पोरं 'सन्माननीय व्यासपीठ' म्हणत मुठी आपटायची, डोळे वटारायची. आमचा एक पठ्ठ्या व्यासपीठावर चढला आणि त्यानं परीक्षकांनाच विचारलं, "तुमच्यापैकी न्हाई कोण म्हणतंय? त्यानं जरा पुढं येऊन बसावं." त्याला उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही. सरांनी त्याला फाट्यावर भजी चारली.

आता त्यांच्या वर्गातल्या आणखी एका नियमाचं सांगतो. "तोंड माझ्याकडं करून बोल," हे ते तासाला वीस वेळा म्हणत. पोरगं फळ्याकडं वळलं की, "पाठीला काय पटवतो? तोंड इकडं!" आम्हाला वाटायचं, ही वक्तृत्वकला. समोरच्याच्या डोळ्यात बघून बोलावं, वगैरे. मी तर माझ्या वर्गातही तो नियम लावला.

मग मास्कचे दिवस आले. शाळा पुन्हा उघडली आणि उबाळे सर ओळखू येईनात. चिडायचे, भलत्यालाच भलतं उत्तर द्यायचे. एका पोरानं पाणी प्यायला जाऊ का विचारलं, तर म्हणाले, "छान, मुद्दा चांगलाय." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सर ऐकत नव्हते. कित्येक वर्षं ते ओठ वाचत होते.

पुढं मास्क उतरले, पण तोवर ते सगळ्या स्टाफला कळलं होतं. त्यांच्या तोंडावर कोणी बोललं नाही. त्यांच्या पाठीमागं मात्र, आणि इथं 'पाठीमागं' हे अगदी शब्दशः घ्यायचं, शिपाई त्यांच्या खुर्चीमागं उभा राहून काय काय बोलायचा आणि आम्ही चहा सांडेपर्यंत हसायचो. मीही हसलो आहे. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण हसलो आहे.

लेकीनं त्यांना कानाचं यंत्र घेऊन दिलं होतं. ते वर्गातल्या त्यांच्या कपाटात डबीतच पडून होतं. एकदा मी आडून विषय काढला, तर म्हणाले, "माने, मास्तराला चष्मा चालतो, कवळी चालते, काठीसुदिक चालते. यंत्र न्हाई चालत. पोरं म्हणतील, ह्याला ऐकू येत न्हाई, आता ह्याचं कशाला ऐकायचं?"

इकडं नवे मुख्याध्यापक आले होते, तरुण, कामाला वाघ. ते स्टाफरूममध्ये म्हणाले, "उबाळे सरांना पुढच्या सत्रापासून ग्रंथालय देऊ. भाषणाच्या तासाला ऐकू येणारा माणूस पाहिजे." चुकीचं नव्हतं. सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि ती पुस्तकांवरची धूळ झटकत जाणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. त्यांना सांगायची हिंमत मात्र एकातही नव्हती.

नववीत मुस्कान होती. फाट्यावरच्या शिलाईवाल्याची मुलगी, पहिल्या बाकावर बसणारी. आवाज इतका बारीक, की दोन बाक सोडून तिसऱ्यावर पोचायचा नाही. ती बोलायला उभी राहिली की मागची पोरं "व्हॉल्यूम! व्हॉल्यूम!" करायची. सर सातवीपासून तिला शिकवत होते, आणि तीन वर्षं तिच्या प्रत्येक भाषणावर एकच शेरा देत होते, "छान. बस."

त्या सत्राचा डबा उघडला. सर एकेक चिठ्ठी वाचून टेबलावर ठेवत होते. एका चिठ्ठीपाशी थांबले. वाचली, पुन्हा वाचली, घडी करून खिशात घातली आणि तास संपायच्या आधीच बाहेर पडले. सरळ माझ्या वर्गात आले आणि ती चिठ्ठी माझ्या हजेरीवर ठेवली.

'विषय : कानाचं यंत्र लावावं. न्हाई म्हणणारे : उबाळे सर. मुस्कान.'

"हे पोरीला कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, सर."

"म्हंजी सगळ्यांना ठाव हाय?"

मी हजेरीपटावर बघत बसलो. पंचेचाळीस नावं होती. मी ती सगळी वाचली.

आठ दिवस सरांनी विषय काढला नाही. बाकीची भाषणं झाली, बाकीचे लोक खुर्चीत बसून गेले. मुस्कानची चिठ्ठी त्यांच्या खिशात होती. पेनांच्या मागं तिचा कोपरा दिसायचा. मुलं कुजबुजायची, की पंचक्रोशीतला एवढ्या वर्षांत पहिला माणूस खुर्चीला न्हाई म्हणणार, आणि तो आपला सर.

शनिवारी शाळा सुटताना त्यांनी मला गाठलं. "सोमवारी तिसऱ्या तासाला तुमी माझ्या जागी उभं राहा."

"मी? मला काय त्यातलं?"

"न्हाई म्हणणारा आन निकाल विचारणारा एकच माणूस नसतो, माने. खुर्चीची बेअब्रू होती."

सोमवारी सर दाढी करून आले. शर्टाच्या बाह्या पहिल्यांदाच खाली, बटणं लावलेली. हातांच्या खुर्चीत बसले आणि मुस्कानकडं बघून म्हणाले, "तोंड माझ्याकडं."

ती पुढं आली. हातात कागद नव्हता.

"सर, माझ्या नानांना, म्हंजी आईच्या अब्बांना, ऐकू यायचं न्हाई," तिनं सुरुवात केली. मी चार पावलांवर होतो, म्हणून मला ऐकू आलं. "ते कुणी काय बी म्हणलं तरी मान हलवायचे. हां, बराबर, म्हणायचे. आमी लहान होतो. आमी त्यांना शिव्या द्यायचो आन ते बराबर म्हणायचे. आमी हसायचो."

सर ऐकत होते. म्हणजे बघत होते. "हं. पुढं."

मुस्कान पुढं बोलत राहिली आणि मला वाटलं, माझेच कान गेले. तिचे ओठ हलत होते, हात हलत होता, भुवया वर जात होत्या, पण आवाज नव्हता. अजिबात नव्हता. मागच्या बाकावरनं "व्हॉल्यूम" आलं नाही. पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती. आणि सर खुर्चीत पुढं झुकून तिचं बिनआवाजाचं भाषण मनापासून ऐकत होते.

मध्येच ते मोठ्यानं म्हणाले, "न्हाई, न्हाई, नानांची काही चूक नव्हती त्यात!"

कोणीतरी पहिल्या बाकावर तोंडावर हात ठेवला.

मुस्कान थांबली. वळली, खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, 'सर, नानांच्या शिव्यांच्या पुढचं सगळं मी आवाज न काढता बोलले.'

सरांनी ते वाचलं. मग सावकाश मान वळवून त्यांनी वर्गाकडं पाहिलं. एकेका बाकाकडं. एकही पोरगं हसत नव्हतं, आणि मला वाटतं, त्यांना जास्त लागलं ते हेच.

आता माझं काम होतं. मी निकाल विचारायचा होता. मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना, म्हणून मी खिडकीकडं बघत विचारलं, "सर, पटलं की नाही?"

उत्तर नाही. मी थांबलो. पुन्हा विचारलं. तेव्हा एक पोरगा दबक्या आवाजात म्हणाला, "माने सर, तोंड त्यांच्याकडं."

मी वळलो. त्यांच्या डोळ्यात बघून विचारावं लागलं. तीस वर्षांच्या नोकरीत यापेक्षा अवघड तोंडी परीक्षा मी दिलेली नाही.

"मला एक प्रश्न हाय ना?" सर म्हणाले. नियम होता. "मुस्कान, यंत्र लावलं आन पोरं हसली तर?"

ती लगेच बोलली, आणि या वेळी आवाजानं. "हसतील, सर. दोन दिवस हसतील. माझ्या आवाजाला तीन वर्षं हसतेत. मी येतेच की शाळेत."

सर खुर्चीच्या हातांवर हात टेकून उठले. उभे राहून म्हणाले, "पटलं." मग माझ्याकडं वळले. "खुर्ची जागेवर ठिवा." आणि बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी यंत्र कानात होतं. पोरं हसली का? हसायची पाळीच आली नाही. सर वर्गात शिरले आणि दारातच दचकून थांबले. बाकांची करकर, पंख्याची खडखड, मागच्या बाकावरच्या गप्पा, पलीकडून माझं पाढे म्हणवून घेणं. एकदम सगळं कानात शिरलं असणार. मधल्या सुट्टीत ते स्टाफरूममध्ये आले, मटकन बसले.

"माने, एवढी गडबड असती माझ्या वर्गात?"

"असते, सर. कायमच."

"आन मी इतकी वर्षं समजत होतो, माझा दरारा हाय!"

तेच आधी हसले. मग आम्ही. शिपायाला त्यांनी जवळ बोलावलं आणि प्रेमानं सांगितलं, "आता माझ्या मागं उभं राहून जे बोलायचं ते जरा बेतानं." शिपाई पुढं आठवडाभर त्यांना पाणी द्यायलासुद्धा समोरून यायचा.

त्याच दिवशी शेवटच्या तासाला प्लायवूडच्या पलीकडं एकदम शांत झालं. मी फटीतून पाहिलं. त्यांनी मुस्कानला उभं केलं होतं.

"कालचं भाषण पुन्हा कर. पूर्ण. आवाजासकट."

ती बोलायला लागली आणि सरांनी डोळे मिटले. ज्या माणसानं वर्षानुवर्षं पोरांच्या तोंडावरची नजर काढली नव्हती, तो डोळे मिटून, खडूच्या हातानं टेबल धरून उभा होता. ती संपली तेव्हा ते म्हणाले, "असा हाय व्हय तुझा आवाज." बस म्हणाले नाहीत. शेरासुद्धा दिला नाही. मागच्या बाकांना मात्र बजावलं, "ह्या आवाजाला पुढं झुकून ऐकायचं असतं. झुका."

मुख्याध्यापकांनी ग्रंथालयाचं नाव पुन्हा काढलं नाही. उलट पुढच्या सत्रात एका पोरानं चिठ्ठीत त्यांचंच नाव लिहिलं, विषय मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी, आणि ते आपल्याच खुर्चीत न्हाई म्हणणारा म्हणून बसले. कडी त्याच आठवड्यात लागली.

दोन वर्षांनी सर निवृत्त झाले. लेकीकडं बीडजवळच्या पालीला राहायला जायचं ठरलं होतं, धरणाच्या बाजूला. निरोप समारंभाला शाळेपुढं मांडव घातला. मांडव म्हटलं की पुढारी आलाच. आमच्या भागातले एक नेते प्रमुख पाहुणे होते. सरांच्या गळ्यात हार, अंगावर शाल, मांडीवर नारळ. नेत्यांनी माईक धरला आणि शिक्षणमहर्षींपासून सुरुवात करून ते कारखान्याच्या उसाच्या भावापर्यंत आले. चाळिसाव्या मिनिटाला मी पाहिलं, सरांचा हात शांतपणे कानाकडं गेला, यंत्र निघालं आणि शालीच्या आत कुठंतरी दिसेनासं झालं. चेहरा मात्र असा भक्तिभावाचा, की नेत्यांना चेव चढून त्यांनी आणखी दहा मिनिटं घेतली.

नेते बसले. सूत्रसंचालक आभाराकडं वळणार, एवढ्यात मांडवाच्या कडेनं एक मुलगी पुढं आली. मुस्कान. गेवराईला अकरावीला होती, दुपारच्या एसटीनं आली होती. "मला दोन मिनिटं सरांशी बोलायचंय," ती म्हणाली. माईक पुढं केला, तर तिनं मानेनंच नको म्हटलं.

तिनं तोंड उघडलं आणि सरांनी तळहात वर केला. थांब.

यंत्र सापडेना. त्यांनी शर्टाचा खिसा पाहिला, पँटचा पाहिला. हार आड येत होता. त्यांनी हार काढला आणि शेजारी जो होता त्याच्या हातात दिला. शेजारी नेते होते. मग शाल काढली, तीही त्यांच्या हातात. मग नारळ. नेते ते सगळं छातीशी धरून उभे राहिले, कारण बसून ते मांडीवर मावेना. त्यांचे कार्यकर्ते एकमेकांकडं बघायला लागले. नेत्यांच्या पीएनं घड्याळ दाखवलं. सर शालीच्या घड्या चाचपत होते, घाई न करता.

यंत्र सापडलं. सरांनी ते शर्टाला पुसलं, कानात बसवलं, बोटानं एकदा दाबून पाहिलं, खुर्ची तिच्याकडं वळवून घेतली आणि पुढं झुकले.

"हं. बोल."